तिसरं मत

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.१५
नवी रोजनिशी. संकल्प: रोज खरं तेच लिहायचं. रक्ततपासणीच्या आमच्या लॅबचे सर्व्हर आता माझ्यामुळे अमर झालेत. दोन मोठे सर्व्हर आणि नुसतं मत द्यायला तिसरा छोटा डबा. तिघांपैकी दोघांची मतं जमली की काम चालू. एकटा उरला तर तो स्वतःहून थांबतो, नाहीतर आपसातला संपर्क तुटला की दोघं दोन तऱ्हेचे रिपोर्ट लिहीत बसायचे. मॅनेजरना समजावलं. त्यांनी मान डोलावली. त्यांना काही कळलं नाही. उत्तम.

५ मार्च
डबा घरी आणला. दिवसभर नुसतं 'हो' म्हणायला अख्खं मशीन कशाला? त्याचं मत पहिल्या सर्व्हरच्याच पोटात सॉफ्टवेअरचं नकली मशीन करून बसवलं. स्क्रीनवर तिन्ही हिरवे! बायकोने विचारलं, ऑफिसची वस्तू टीव्हीला का जोडली. टेस्टिंग, म्हटलं. सिनेमे झकास चालतात.

११ मार्च. ११.४०
पहिल्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळाला. जाताना पोटातलं मतही घेऊन गेला. दुसरा ठणठणीत, पण एकटा. नियमाने गप्प बसला बिचारा. नवा सप्लाय बसेपर्यंत सव्वा तास ना नोंदणी, ना रिपोर्ट. उपाशीपोटी आलेले लोक बाहेर आमच्या नावाने बोटं मोडत होते.
मॅनेजरनी विचारलं, सर्व्हरच्या खोलीत कोण होतं. म्हटलं, सफाईच्या मावशी फरशी पुसत होत्या. यात खोटं काय? पुसतच होत्या.

१२ मार्च
ओल्या फडक्यानेच शॉर्ट झालं, असं मॅनेजरनी ठरवून टाकलं. मी फक्त 'हं' म्हटलं. 'हं' म्हणजे काही होकार नव्हे.

१४ मार्च
मावशींना महिनाअखेर काढणार. बारा वर्षं आहेत इथे. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्यावरच. संकल्प: सोमवारी सगळं सांगून मोकळं व्हायचं. आधी डबा परत नेलेला बरा, नाहीतर विषय उगाच भरकटतो.

१७ मार्च, सोमवार
डबा राहिला. सासूबाईंचा सिनेमा अर्धा होता. मावशींनी चहा आणून दिला, साखर बरोबर माझ्या मापाची.

२१ मार्च
डबा नेला. जोडला. मॅनेजरसमोर पहिल्या सर्व्हरची वायर उपटली. रिपोर्ट चालूच! आता सांगणार म्हणून तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, बघा, मावशींना खोलीत यायची बंदी केली आणि कसं सुरळीत झालं. पाठीवर थाप. मी थँक्यू म्हणालो. शी! काय माणूस आहे मी.

२८ मार्च
कबुलीचा मेल चारदा लिहिला. भाषा जमत नाही. दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो तेव्हा शब्द नीट हवेत. शुद्धलेखन तपासून उद्या.

३१ मार्च, सोमवार. संध्याकाळी ५.३०
मावशींचा शेवटचा दिवस. पावणेपाचला माझ्या टेबलाशी आल्या. पिशवीतून एक चिठ्ठी काढली. 'सर्व्हर ३. हलवू नये.' माझंच अक्षर. म्हणाल्या, साहेब, तुम्ही डबा घरी नेलात ना, तेव्हा पडली होती. लागेल म्हणून जपून ठेवली.
मग मॅनेजरना का नाही दाखवलीत, असं विचारलं. म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही सांगाल.
तिघांपैकी दोघांना ठाऊक होतं. बहुमत होतं की!
ताडकन उठलो. मॅनेजरच्या दारापर्यंत गेलो. ते आत होते. म्हटलं, आधी चिठ्ठी जागच्या जागी लावून येऊ, मग निवांत बोलू. गोंद सापडायला वीस मिनिटं लागली. तोवर मॅनेजर गेले. मावशीही गेल्या.
चिठ्ठी मात्र अगदी सरळ बसली आहे.