टेकडीवरची दुतोंडी पाटी

प्रिय आई,

शिडीवर उभा राहून पाटीचा शेवटचा स्क्रू आवळत होतो, तेव्हा खालून एक आजीबाई म्हणाल्या, “बाळा, तळं कधी हललं रे? मी तर आत्ताच तिथून आले.”

उतरून पाहिलं. पाटी दोन्ही बाजूंनी वाचायची आहे. मी पुढचा मजकूर मागे जसाच्या तसा उतरवला होता, बाणांसकट. त्यामुळे मागून येणाऱ्याला तळं खाणीकडे आणि खाण तळ्याकडे.

ही पाटी पसंत पडली तरच मुकादम मला कामावर पक्कं करणार आहेत. तू काळजी करू नकोस.

“चल, तुझ्या बाणाच्या कृपेने खाण तरी बघू,” आजीबाई म्हणाल्या. मीही निघालो. टेकडी एवढीशी, पण मी नुसती नावं रंगवली होती, पाहिलं काहीच नव्हतं. खाणीची भिंत थंडगार होती. कान लावला तर आतून पाणी ठिबकत होतं.

“तळ्याचंच आहे. मुरत मुरत इकडे येतं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे अगदीच थापा नाही मारल्यास.”

तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात की अजून उशीखाली लपवतात? मी वेळेवर जेवतो.

तुझा,
धाकटा

ता. क. आज सकाळी मुकादमांना स्वतःच सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. मागची बाजू पुसायला लावली आणि आणखी एका पाटीची मापं हातात दिली.