पाळणाघराचा ठराव

गावाहून,
बुधवार, ८ जानेवारी २०२५

ती. चांगुणावन्सं यांस पुष्पावतीचा नमस्कार.

वाकून केला असता, पण तुमी समोर न्हाई आणि माझे गुडघे आता वाकत न्हाईत. घरी समदे बरे हायत. तुमचे भाऊ खोकतात आणि बिडी वढतात, दोन्ही पहिल्यासारखंच. म्हैस व्याली, रेडा झाला. गावरान कांद्याची लागण निम्मी उरकली. तुमी लेकीकडं बेलापुरात सुखात असाल. फोन दहा डाव लावला, तुमी उचलत न्हाई, म्हणून चौथी शिकलेल्या बाईला पेन हातात धरायला लागलं. राजनंदिनी, तू आजीला हे वाचून दाखवशील तर समदं वाच, मधलं गाळू नको. अक्षर कोंबडीच्या पायासारखं हाय, तरी नेट लाव.

गावाची खबर म्हणजे कमान झाली. तुमी गेला तवा नुसते दोन खांब हुते. आता वर दोन सिंह बसवलेत. एकाचं तोंड सिंहाचं, दुसऱ्याचं थेट आमच्या मोत्या कुत्र्याचं. यायच्या अंगाला ‘सुस्वागतम्’, जायच्या अंगाला ‘पुन्हा या’. खाली सरपंच रुपालीचं नाव बारीक आणि तिच्या नवऱ्याचं, हर्षलचं, ठळक. निवडून बाई आली, खुर्चीत नवरा बसतो. ती झेंडावंदनापुरती कडक साडी नेसून येती आणि माघारी जाती. कोल्हारहून संगमनेरहून एक माणूस आपलं गाव बघायला येत न्हाई, पण आला तर त्याचं स्वागत व्हायला पायजे म्हणे.

हर्षल सांगत फिरतो की पंचायतीत खडखडाट हाय, वरनं निधी येत न्हाई, काटकसर करायची. काटकसर सुरू कुठून झाली, तर लेकरांच्या खिचडीपासून, तुमचं पाळणाघरच बंद केलं. नऊ वर्षं तुमी चावडीमागच्या खोलीत पंधरा-पंधरा लेकरं सांभाळली. अंगणवाडीवाली तीन वर्षांखालचं घेत न्हाई आणि दुपारी कुलूप लावती. मग रोजंदारीवर जाणारीनं अंगावरचं पोर ठेवायचं कुठं, कमानीवर? रुपालीचा धाकटा तुमच्याच मांडीवर हगला-मुतला आणि तुमीच त्याला चालायला शिकवलं. आता तो कमानीखालनं सायकल फिरवतो.

मी हर्षलला चौकात धरला. म्हणला, “काकू, पाळणाघर ही काय उत्पन्नाची बाब न्हाई.”

मी म्हणलं, “तू तरी तुझ्या आईला कुठं उत्पन्नाची बाब हुतास? तरी तिनं ठेवलाच ना.”

चार माणसं हसली. हर्षल बी हसला. त्या माणसाला लाज सोडून समदं येतं.

ग्रामसेवक भाऊसाहेबाचं तर काय सांगावं. त्याला काय बी इचारलं की “नियमात बसत न्हाई.” त्याचं पोट पँटीत बसत न्हाई, ते चालतं.

तुमी का गेला, असं लोक मला इचारतात. मी सांगते, लेकीला बरं न्हवतं. तुमच्या लेकीला काय धाड भरली न्हाई हे मला ठाऊक हाय. पण सांगते. त्याचं पुढं लिहिते.

आता सृष्टीचं ऐका. पाळणाघर बंद झाल्यापासून सून ज्ञानेश्वरी तिला वावरात नेती. मला गुडघ्यांनी पोरीमागं पळवत न्हाई आणि दीड वर्षाची पोर म्हणजे पारा. त्यामुळं बांधावरच्या बाभळीला झोळी बांधायची, पोर झोपवायची आणि कांदा लावायचा. एका बाभळीला तीन बायांच्या तीन झोळ्या लोंबतात. पलीकडं बांधाला लागून ऊस हाय. उसात काय असतं ते तुमाला सांगायला नको. वनखात्यानं शाळेच्या भिंतीवर पत्रक चिकटवलंय, लहान लेकरं एकटी सोडू नका. पत्रक चिकटवून गाडी गेली कमानीखालनं.

गेल्या महिन्यात, तेवीस तारखेला, भर दुपारी दोनला मोत्या झोळ्यांखाली बसला हुता. बाया वाकलेल्या. मी भाकरी घेऊन नुकतीच पोचले हुते. काय आवाज न्हाई, काय न्हाई, नुसता ऊस हालला. बघितलं तर मोत्या न्हाई. झोळीपासून दहा पावलांवर माती उकरलेली आणि बिबट्याचा पंजा उमटलेला, माझ्या तळहातायेवढा. सृष्टी झोपलेलीच हुती. तिचा एक पाय झोळीबाहेर आला हुता.

ज्ञानेश्वरी रडली न्हाई. माझ्याकडं बघत म्हणली, “आत्या, मोत्या नसता तर?” मी सृष्टीचा पाय झोळीत आत घेतला.

दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत गेले. भाऊसाहेब, हर्षल, शिपाई गहिनीनाथ, आणि धा-बारा माणसं दाखले घ्यायला बसलेली. मी दारातनंच सुरू केलं. म्हणलं, पाळणाघर बंद करायला कुणी हात वर केला त्याचं नाव मला पायजे. त्याच्या घरी जाऊन त्याच्या नातवंडाला झोळीत घालून उसाच्या कडंला टांगते.

गहिनीनाथ म्हणला, “काकू, राहू द्या. घरी चला, मी सोडतो.”

“तू नको सोडू. रजिस्टर काढ.”

“काकू, ऐका माझं.”

“काढतो का मी कपाट फोडू?”

त्यानं काढलं. दोन ऑक्टोबरची ग्रामसभा, ठराव क्रमांक सात. मी अक्षर अक्षर जोडून मोठ्यानं वाचलं, समद्यांना ऐकू जावं म्हणून. पाळणाघर बंद करून त्याचा खर्च स्वागत कमानीकडं वळवण्यास ही सभा मंजुरी देत हाय. सूचक, हर्षलचा चुलता. अनुमोदक, सौ. पुष्पावती आदिनाथ गागरे.

मोठ्यानं वाचलं, वन्सं. माझं नाव मीच मोठ्यानं वाचलं. कुणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं.

आता ते लिहिते. एक ऑक्टोबरला गहिनीनाथ गाडीवर रजिस्टर घेऊन दारोदार फिरत हुता. सभेला शंभर सह्या लागतात आणि माणसं येत न्हाईत, म्हणून आदल्या दिवशीच गोळा करतात. मी म्हशीखाली बसलेले. तो म्हणला, “काकू, खाली सही मारा, वरचं भाऊसाहेब लिहितील.” वर पान कोरं हुतं. मी हात परकराला पुसला आणि सही केली. इचारलं न्हाई. घाई हुती हे खरं, पण तेवढंच न्हाई. माझ्या आधी साळूबाईनं अंगठा दिला हुता, तिच्या आधी दोघींनी अंगठाच. मला सही येती, म्हणून मी ती झोकात केली, नावाखाली रेघ बी ओढली. बाईची सही लागतीच त्यांना, ठराव चांगला दिसतो. अंगठेवालीचं नाव कोण लिहिणार, सहीवालीचं लिहिलं.

हर्षलला आणि भाऊसाहेबाला मी तीन महिने शिव्या घातल्या. त्यातली एक बी माघारी घेत न्हाई. पण त्यांना माझी फसवणूक करायला लागलीच न्हाई. मीच त्यांना कोरं पान दिलं.

तुमी नोव्हेंबरात तो ठरावाचा कागद कुणाकडनं तरी वाचून घेतला असणार. संध्याकाळी चुलीपाशी बसला, माझ्या हातची भाकरी खाल्ली, आणि सकाळी पिशवी भरून एसटीत बसला. भांडला असता तर मी बी भांडले असते आणि तिथंच मिटलं असतं. वीस वर्षं एका घरात काढली आपण, तुमी पांढऱ्या कपाळानं माघारी आल्या तवापासून. मी तुमाला लई टोचून बोलले, ते तुमी सोसलं. हे सोसलं न्हाई. बरोबर केलं.

आता पुढचं. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा हाय. पाळणाघर परत चालू करायचा अर्ज मी केलाय. ज्ञानेश्वरीनं लिहिला. घरोघर जाते, पण आधी अर्ज समदा वाचून दाखवते, मगच सही नाहीतर अंगठा. साळूबाई म्हणली, “अगं दे की लवकर, पोळी करपती.” मी म्हणलं, करपू दे, ऐक. एक्केचाळीस बाया झाल्या. सभेला अंगानं या असं बी प्रत्येकीला सांगितलंय. रुपाली आली चोरून, मागच्या दारानं. पदर डोक्यावर घेऊन तिनं बी ऐकलं आणि सही केली. मी तिला बोलायचं ते बोलले न्हाई.

भाऊसाहेब अर्ज बघून म्हणतो, “चालवणार कोण? सांभाळणारीचं नाव आणि सही लागती, नाहीतर नियमात बसत न्हाई.” तुमच्यावाचून दुसरं नाव एकीच्या बी तोंडी आलं न्हाई. सोबत अर्ज धाडलाय. शेवटची ओळ कोरी हाय.

माफी मागायची मला सवय न्हाई, नीट जमणार न्हाई, उगा वाकडं काय तरी बोलून बसेन. चावडीमागची खोली झाडून, शेणानं सारवून ठेवलीय. मीच सारवली, गुडघ्यांवर बसून. आल्या तर माझ्याशी बोलायला पायजे असं न्हाई. लेकरांशी बोला.

राजनंदिनी, अर्ज आजीला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखव. मग तिला पटलं तर अंगठा घे. न्हाई पटलं तर ओळ कोरी ठेवून कागद तसाच माघारी धाड, मी समजेन.

हे पत्र मी पुरतं दोनदा वाचलं, आणि मग खाली नाव घातलं. रेघ ओढली न्हाई.

तुमची भावजय
पुष्पावती