आर्डिसच्या मातीला टार्काचं गाणं

डुलुथ, एप्रिल संपत आला
(दारात बर्फ मात्र संपत आलेलं नाही)

प्रिय मार्लिसताईस,

धाकट्या अर्विडचा दोन्ही कानांसकट नमस्कार. तू आणि व्हर्नभावोजी खुशाल असाल अशी आशा करतो. भावोजी गॅरेजच्या छपरावरचं बर्फ खरवडायला चढले आणि त्यांना खाली उतरवायला बंब बोलवावा लागला, हे कळलं. या वयात हे त्यांनाच शोभतं. (त्यांना माझा आदर कळव.) तुझा रक्तदाब कसा आहे? चर्चच्या गायकवृंदात अजून पहिल्याच रांगेत उभी राहतेस ना? तिथून कुणी हलवायला बघितलं तर मला सांग. आमचं बरं चाललंय. कोरीन बरी आहे, म्हणजे बोलते. बाबांची ती रेकॉर्डी वाजवायची तपकिरी पेटी अजून तुझ्याकडेच आहे ना गं? सहज आठवलं म्हणून विचारलं.

तुला ठाऊकच आहे की मी गाणं 'लावत' नाही, ऐकतो. हल्ली लोक गाणं लावून भाजी चिरतात, गाणं लावून धावतात. उद्या गाणं लावून झोपतील आणि वर म्हणतील, छान होतं. माझं यंत्र तळघरात सिमेंटच्या ओट्यावर आहे. पाणसळ लावून ते सपाट करायला मला अख्खा हिवाळा लागला, त्यामुळे आता ते जागचं हलणं नाही. माझ्या खुर्चीचे पाय कुठे टेकायचे तेही खडूनं आखलेलं आहे. (कोरीननं एकदा झाडताना खुर्ची सरकवली, तर आठवडाभर सगळी व्हायोलिनं बॉयलरच्या मागून वाजत होती. तिला म्हटलं तर म्हणते, मग बॉयलर सरकव.) मी ऐकत असताना घरात कपडे धुवायचे नाहीत, भांडी घासायची नाहीत, नळ सोडायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, नवा अल्बम तीन वेळा पुरता ऐकून होईपर्यंत त्याच्या पाकिटावरचं किंवा तबकडीवरचं एक अक्षरही वाचायचं नाही. वाचलं की कान आळशी होतात. मी तर डोळे अर्धे मिटूनच तबकडी बाहेर काढतो. कोरीनचं यावर म्हणणं असं की, डबा न वाचता फोडायच्या याच सवयीपायी तू एकदा कुत्र्याचं खाणं टोस्टवर लावून खाल्लं होतंस. खाल्लं होतं, कबूल. पण ते तेव्हा चांगलं लागलं होतं, हे ती कधी सांगत नाही.

दर गुरुवारी माझ्या तळघरात आम्ही तिघं जमतो. मी, क्लेटन आणि मिल्टन. एक अल्बम, अखंड, तोंडातून शब्द काढायचा नाही. मग कॉफी, कोरीननं केलेल्या लिंबाच्या वड्या आणि एकेकाचं मत. मिल्टन दुसऱ्या गाण्याला झोपतो, शेवटच्या गाण्याला जागा होतो आणि म्हणतो, "वेगळं आहे हं." आपल्याकडे याच्यापुढे शिवी नाही, हे तुला वेगळं सांगायला नको, तुझ्या सासूबाईंच्या ओव्हनमधल्या बटाटा-खिम्याच्या हॉटडिशला आपण सगळे वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. मागे त्यानं स्वतःच्या आवडीचा एक अल्बम आणला होता. त्यात एक बाई पाऊण तास वाऱ्याशी बोलत होती आणि वारा काही तिला उत्तर देत नव्हता. मी वाऱ्याच्या बाजूनं होतो. उरला क्लेटन. तो मुळात कमी बोलणारा, त्यामुळे मी त्याला समजावून सांगतो. कुठे काय ऐकायचं, कुठे भरून यायला हवं, सगळं. गेली कित्येक वर्षं मी त्याला समजावतोय आणि त्यानं एकदाही मला उलटून विचारलं नाही, इतकं त्याला पटतं.

तर जानेवारीत क्लेटनची आर्डिस गेली. हे मी तुला तेव्हा फोनवर सांगितलं होतंच. आपल्या दफनभूमीत तेव्हा कुदळ मारली तर ठिणगी उडाली असती, म्हणून हिवाळ्यात गेलेल्या सगळ्यांसारखीच तिची मातीही मे महिन्यावर ठेवली. आता ज्याचं माणूस गेलंय पण पुरलं गेलेलं नाही, त्यानं मधले महिने करायचं काय? क्लेटन घरात बसून राहिला. गुरुवारी येईना. दारातलं बर्फ उपसेना. कोरीननं पायरीवर ठेवलेली हॉटडिश तिथेच गोठून दगड झाली. मला तर धास्ती वाटायला लागली की मे महिन्यात दोन खड्डे खणावे लागतात की काय. थट्टा करत नाही मी, ताई. चाळीस वर्षांचा दोस्त आहे तो माझा.

अशात वेंडेल टार्काचा नवा अल्बम आला. अकरा वर्षांनी! टार्का म्हणजे माझा देव, हे तू जाणतेसच. (तुझ्या लग्नात मी त्याच्या कार्यक्रमामुळे उशिरा आलो होतो. तू अजून काढतेस ते.) दोन तबकड्या निघाल्या. मी नियमाप्रमाणे काहीही न वाचता लावल्या. ताई, काय तो आवाज! अकरा वर्षांत माणूस विहिरीत उतरून बसला होता. एकेक शब्द असा येत होता, की पुढचा येईल याची खात्री वाटत नव्हती. मागे म्हाताऱ्या पुरुषांचा कोरस, थकलेला, जगाचा निरोप घेतलेला. आणि अ‍ॅकॉर्डियन तर धुक्यात जहाजाचा भोंगा वाजावा तसं. त्यातलं एक गाणं आहे, 'बस ना नावेत'. पलीकडच्या काठाला नेणारी नाव धक्क्याला लागलीय, आणि तो कुणाला तरी सारखा विनवतोय, ये, बस, भिऊ नकोस, मी धरलंय. गुरुवार आला तसा मी तडक जाऊन क्लेटनला कोटासकट उचलून आणला आणि खुर्चीत बसवला. माझ्या खुर्चीत! गाणं संपेस्तोवर तो ढसाढसा रडत होता. जानेवारीपासून पहिल्यांदा. म्हणाला, "आर्डिस जन्मात कधी नावेत बसली नाही रे. पाण्याला भ्यायची." मिल्टनसुद्धा जागा होता. आणि मी, तुझा भाऊ, तोंडातून चकार शब्द काढू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी क्लेटननं दारातलं बर्फ उपसलं. आठवड्यात तो जेवायलाही लागला. मग एक दिवस येऊन म्हणाला, "अर्विड, आर्डिसच्या मातीनंतर चर्चच्या तळघरात जेवण ठेवलंय, तेव्हा हे गाणं तू वाजवशील?" मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? टार्कावर आठ पानांचं परीक्षण लिहून मी त्याच्या चाहत्यांच्या मासिकाकडे पाठवूनही दिलं होतं. त्यांनी ते छापलं. 'मरणाच्या उंबरठ्यावरचा संथपणा' असं मथळ्यातच होतं.

इकडे कोरीन हाच अल्बम स्वयंपाकघरात फोनवर ऐकायची. एकदा बटाटे सोलता सोलता म्हणाली, "अरे, तुझा टार्का तळघरात मरायला टेकलाय, पण माझ्याकडे चांगला नाचतोय." मी तिला अर्धा तास समजावलं, की फोन हे संगीत ऐकायचं साधन नव्हे, त्यात आवाजाचा नुसता भुगा होतो, जीव जातो. "बरं बाई, जीव गेला," म्हणाली आणि पाय ठेक्यात हलवत बटाटे सोलत राहिली. पायाकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

मार्चमध्ये टार्का स्वतः आमच्या गावात आला. कार्यक्रमाआधी मी दोन दिवस जेवलो नव्हतो. पण तिथे दोन गिटारवाल्या पोरांनी इतका धुडगूस घातला होता की नव्यातलं एकही गाणं मला ओळखू येईना. मी मनात म्हटलं, पोटासाठी माणसाला तरुणांपुढे काय काय करावं लागतं! नंतर सह्यांसाठी रांग होती. माझी पाळी आली तसा मी त्याचा हात हातात घेतला आणि त्या गाण्यानं माझ्या मित्राला कसं उभं केलं, ते सगळं सांगितलं. त्या म्हाताऱ्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "कुठलं? 'बस ना नावेत'? अहो, ते आमच्या कुत्र्याचं गाणं आहे! लेकाचा नावेत चढतच नाही. मागे माझ्या नाती किंचाळतायत, त्या ऐकल्या ना?" नाती! मी म्हटलं, म्हातारे पुरुष आहेत ते. तेव्हा त्यानं माझ्या हातातलं पाकीट घेतलं, उलटं केलं आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं की ही तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगानं वाजवावी. तीन वेळा ऐकल्यावर मला वाचायची गरजच वाटली नव्हती, आणि मी तेहतीसवर वाजवत होतो. जगातले मोठे अल्बम तेहतीसवरच वाजतात. या गृहस्थाला नेमका याच वेळी वेगळेपणा सुचला. मागे रांगेतली सगळी डोकी पुढे झाली होती. त्यानं सही केली आणि खाली लिहिलं, 'अर्विडला, सावकाश'.

घरी येऊन मी ते नीट वेगानं ऐकलं. काय सांगू? कुत्रं भुंकतंसुद्धा. ढुमढुम ढुमढुम, नाती किंचाळतायत, अ‍ॅकॉर्डियन उड्या मारतंय. वेगळं आहे हं. एका कलावंताच्या हातून थोर कृती घडली आणि त्यालाच ती कळली नाही, याचं वाईट वाटतं. कोरीन मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त भांडी घासताना ते गुणगुणते, आणि नको त्या वेगानं.

पण माझी अब्रू गेली तर गेली, ताई. क्लेटनचं काय? त्याला सगळं सांगून टाकायचं ठरवून मी त्याच्या घरी गेलो. त्यानं कॉफी ठेवली होती. मी म्हटलं, त्या गाण्याबद्दल बोलायचंय. तर तो म्हणाला, "त्या गाण्यावरच तर मी तग धरून आहे बघ." एवढं बोलून त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि त्याचे खांदे नुसते हलत होते. त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगू, की तू कुत्र्याला रडलास? मी वडी खाल्ली आणि परत आलो. मला माझी लाज वाटली, आणि मी काही लाज वाटून घेणाऱ्यांतला नाही.

आणि आता आमच्या पाद्रीणबाई! तरुण आहेत, उत्साह भारी. परवा म्हणाल्या, "अर्विड, तुम्ही कशाला यंत्राचा खटाटोप करता? गाणं माझ्या फोनवर आहे. मीच लावते." म्हणजे बघ, आर्डिसला माती देऊन सगळे काळ्या कपड्यांत हॅमचे सँडविच घेऊन बसलेत, आणि भुंकायला लागलं कुत्रं! मी त्यांना सांगितलं, मयताच्या घरच्यांची इच्छा तबकडीचीच आहे. तेव्हा बाईंनी मान डोलावली, पण फोन काही त्यांच्या हातातून सुटत नाही.

असो. तुम्ही दोघं मातीला येणारच आहात, तेव्हा प्रत्यक्ष भेटू. भावोजींना म्हणावं, छपरापासून लांब राहा.

तुझा भाऊ,
अर्विड

ता. क. बाबांची ती पेटी येताना घेऊन येशील का? माझं यंत्र ओट्यावरून हलवलं तर ते पुन्हा सपाट होईपर्यंत मी जिवंत राहीन असं नाही. तू लहानपणी चिंगम कोंबून त्या पेटीचा वेगाचा खटका तेहतीसवर अडकवला होतास आणि बाबांचा मार मी खाल्ला होता. तो खटका अजून अडकलेलाच आहे ना? पाद्रीणबाई काय किंवा आणखी कुणी काय, हात लावला तरी वेग बदलता कामा नये. मला तीच पेटी हवी.

ता. क. २. व्हर्नभावोजींना तिच्याजवळ फिरकू देऊ नकोस. त्यांना कुठलीही बिघडलेली वस्तू सुखानं बिघडलेली बघवत नाही.

ता. क. ३. बाबांच्या सामानाच्या वाटण्या झाल्या तेव्हा 'हे खोकं ने आणि त्याच्यावर कुंड्या ठेव' असं मी म्हणालो होतो. ते मागे घेतो. कुंड्या मात्र काढून मगच आण.

(मार्लिस, मी कोरीन. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, तेवढ्यात चार ओळी. क्लेटनला सगळं फेब्रुवारीपासूनच माहीत आहे. त्यानं स्वतःसाठी दुसरी प्रत घेतली, आणि तो इतर माणसांसारखा आधी वाचतो, मग लावतो. अर्विड दाताच्या डॉक्टरकडे गेला होता तेव्हा क्लेटन मला सांगायला आला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना. म्हणाला, "मी दर उन्हाळ्यात धक्क्यावरून आर्डिसला असाच ओरडायचो गं, आणि ती अशीच अडून बसायची. हळू लावलं की ती गेलेली असते. नीट लावलं की धक्क्यावर उभी असते." आता रोज सकाळी तो ते नीट लावतो आणि मग न्याहारी करतो. अर्विडला मुद्दामच सांगितलं नाही. त्या गुरुवारपासून त्यानं क्लेटनला एकही गाणं समजावलेलं नाही, आणि ती शांतता क्लेटनला मोडायची नव्हती. पेटी जरूर आण. पण खटका व्हर्नकडून दुरुस्त करून घे. आधी अर्विडच्या मनासारखं संथच वाजू दे. मग जेवणं उरकली, की क्लेटन स्वतः उठून तो खटका सरकवणार आहे. तू पुढच्या बाकावर बस, तिथून अर्विडचं तोंड नीट दिसतं.)