फाटकातला निरोप

ता. ६ मे

ती. काकांस,
भिंगरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते. पण पाय मोडला म्हणून ताईने तुम्हाला तिच्या घरी नेल्यापासून तुमच्या गाईंनी माझं काही चालू दिलेलं नाही. खालचं गवत संपत आलं, म्हणून सगळ्यांना वरच्या कुरणात न्यायला निघाले. मागून काठी आपटली, फाटकाशी आल्यावर घसा बसेपर्यंत "चल, चल" ओरडले. तुमची लाडकी गाय मास्तरीण सगळ्यांच्या पुढे ऐटीत फाटकापर्यंत आली आणि तिथेच बैठक मारून बसली. बाकीच्या उलट्या फिरल्या. एक कुंपणात अडकली. तिला खरचटलंय, मलाही.

गाई विकत घ्यायला व्यापारी महिनाअखेर येणार, हा ताईचा निरोप मिळाला. काका, शिवणाचं दुकान बंद करून मी इथे आले ती राहायलाच. गाईच गेल्या तर मी इथे काय करू? मला थोडं शिकू द्या.

रागावलात तरी चार ओळी धाडा.
तुमची भिंगरी

ता. ११ मे

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईने वाचून दाखवलं. मी हसलो, पाय ठणकला, आणि लेक असून तिने मलाच दटावलं. उठायची बंदी होतीच, आता हसायचीही आहे.

आधी ती काठी दारामागे ठेव. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. बरोब्बर शेपटीमागे उभी राहिलीस की तू तिला दिसतच नाहीस, मग बघायला ती वळणारच. खांद्याच्या जरा मागे, अंतर राखून चाल. तू एक पाऊल तिच्याकडे टाकलंस की ती पुढे सरकते. सरकली की आपण लगेच मागे हटायचं. तुला हे मागे हटणंच जड जाईल, लहानपणापासून ओळखतो तुला.

डॉक्टर म्हणतात, गोठ्यातली कामं आता विसरा. त्यामुळे तुला जमलं नाही तर व्यापाऱ्याला हो म्हणावं लागेल. उपाशी जनावरं मला बघवणार नाहीत. तुझ्यावर राग नाही. वेळेवर जेवत जा.

तुझ्या काळजीत असलेला,
काका

ता. १६ मे

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

काठी ठेवली. ओरडणंही सोडलं. पहिल्या दिवशी मीच त्यांच्यापेक्षा जास्त बुजले होते, पण खरंच, एक पाऊल टाकलं की निघतात आणि मागे हटलं की शांतपणे चालत राहतात. इतकी वर्षं माणसांशी असं वागले असते तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.

पण फाटकात घोडं अडतंच. तिथे मी मास्तरणीला अगदी लाडाने, हळू आवाजात म्हणते, चल गं बाई, चल. की तिने गुडघे दुमडलेच. तिचं बघून बाकीच्याही बसतात. काल मीही त्यांच्यात बसून रडले. तिला माझा राग आलाय का? की ती नुसती तुमच्यासारखी हट्टी आहे?

लोभ आहेच, त्यात अक्कलही पाठवा.
भिंगरी

ता. २० मे

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं कोडं मलाही सुटेना. मग आज सकाळी ताई कामावर निघताना दारातून म्हणाली, चला बाबा, येते. मी खुर्चीत मागे टेकलो, आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला.

अगं, रोज संध्याकाळी काम उरकलं की मी गोठ्याच्या दारात उभा राहून त्यांना म्हणतो, चल, येतो. ते ऐकलं की त्या बसतात. हाकताना मी तोंडातून अवाक्षर काढत नाही. "चल" म्हणजे आजचं काम संपलं, एवढंच त्यांना ठाऊक. तू फाटकात रोज तिला निरोप देत होतीस, आणि ती बिचारी शहाण्यासारखी ऐकत होती.

आता तोंड मिटून ने. तुझ्यासाठी ही शिक्षाच आहे, पण व्यापारी यायच्या आत करून बघ.

वाट पाहणारा,
काका

ता. २४ मे

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

गेल्या. सगळ्या गेल्या. मी ओठ दाबून धरले होते. मास्तरणीने फाटक हुंगलं, माझ्याकडे जरा बघितलं, मी तिच्या खांद्याकडे एक पाऊल टाकलं आणि ती निघाली. वर पोचल्यावर चरताना त्यांचा नुसता कचकच आवाज येत होता. मला तुमची फार आठवण आली.

संध्याकाळी गोठ्याच्या दारातून म्हणाले, चल, येते. सगळ्या बसल्या. मास्तरीणही बसली, पण तोंड रस्त्याकडे करून. तुम्हाला उचलून नेलं त्या दिवशी तिला हे कोणी म्हणालंच नव्हतं.

व्यापाऱ्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण डॉक्टरांनी गोठ्यातली कामं बंद केली आहेत, दारात खुर्ची टाकून बसणं नाही.

तुमचीच,
भिंगरी

ता. २७ मे

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. ताईने तोंड फुगवलं, मग स्वतःच माझी पिशवी भरायला बसली. रविवारी ती गाडीने सोडते आहे. खुर्ची दाराच्या डाव्या बाजूला ठेव, तिथून फाटक दिसतं.

बाकी भेटीत बोलू. मास्तरणीला सांग.

चल, येतो.
काका