'पाणी पी' म्हणण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
आरोग्य संदेश तपासणी कक्ष,
नंदुरबार.

विषय : वैद्यकीय पदवी नसताना 'पाणी पी' असे म्हणण्याची परवानगी व शाळेत जमा झालेली बाटली परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस क्र. ३१७, दि. ४ ऑगस्ट २०२५ (अर्जदाराच्या ग्रुपवरच प्राप्त).

महोदय,

अर्जदार लिडिया दानियल गावित, ता. नवापूर, सविनय कळवते की, तिची मुलगी रविना (इयत्ता तिसरी) हिला सिकलसेल आहे. अंगातले पाणी कमी झाले की रक्त अडते आणि हातपाय असे दुखतात की पोर रडायचीही थांबते. दिवसभर थोडे थोडे पाणी पाजा, हे डॉक्टरांनी एकदा सांगितले. रोज आठवण करून देण्याइतके डॉक्टर तालुक्यात नाहीत. म्हणून 'लाल कार्डवाल्या आया' हा व्हॉट्सॲप ग्रुप असून (सिकलसेलच्या रुग्णास दवाखान्यातून लाल कार्ड मिळते) त्यात दोनशे चौदा आया आहेत. दर तासाला कुणीतरी 'पाणी' एवढेच लिहिते आणि घरोघर पेला भरला जातो. एखादी नवी बाई घाबरून फोन करते, तेव्हा कळसाडीच्या बेबीबाई आधी तिलाच सांगतात, "आधी तू पानी पी ले माय, मंग सांग."

आपल्या नोटिशीनुसार हा वैद्यकीय सल्ला असून पदवीशिवाय देणे गैर आहे. अर्जदारास चूक कबूल आहे. या न्यायाने अर्जदाराच्या सासूबाई गंगीबाई साठ वर्षे बेकायदा डॉक्टरकी करीत आहेत, कारण आल्यागेल्याच्या हाती आधी तांब्या देण्याची त्यांची खोड गेलेली नाही. नोटीस वाचून दाखवली तर म्हणतात, "तुझा साहेब उन्हातून आला तर त्याला काय पदवी मिळेपर्यंत ओट्यावर बसवू?" त्यांना समज देण्यात आली आहे.

आयांचे पत्ते कार्यालयाकडे नसल्याने नोटीस आपल्या लिपिकांनी ग्रुपवरच टाकली. मणिबेलीच्या जसोदाबाईंना ती बोटीने रेंजमध्ये आल्यावर मिळाली. दुसऱ्याच दिवशी त्याच लिपिकांनी तिथेच, भाच्याला तातडीने रक्त हवे, असे लिहिले. चाळीस मिनिटांत तळोद्याहून दोन जण निघाले. त्यांच्याकडेही पदवी नव्हती.

इथवर हसण्यावारी नेता आले असते. परंतु नोटीस रविनाच्या मुख्याध्यापकांपर्यंत पोचली आणि परवानगीपत्र येईपर्यंत त्यांनी तिची बाटली कपाटात ठेवली. मधल्या सुट्टीशिवाय वर्गाबाहेर जाणेही बंद केले. गुरुवारी कळा येऊन ती बाकावरून उठू शकली नाही. दवाखान्यात सलाईन लावताना आईला म्हणाली, "सरांना बोलू नको हां आई, नियम आहे."

तरी रविनाने वर्गात हवे तेव्हा पाणी प्यावे व हवे तेव्हा लघवीला जावे, असे एका ओळीचे पत्र शाळेस द्यावे. ते नियमात बसत नसल्यास, आपण पदवीधर असल्याने, दर तासाला दोनशे चौदा घरी 'पाणी' हा निरोप आपणच धाडावा. पहिला निरोप सकाळी सहाला असतो व रविवारी सुट्टी नसते.

निकाल लागेपर्यंत नोटिशीचा मान राखून तो शब्द कुणीही लिहीत नाही. आया फक्त पेल्याचे चित्र पाठवतात.

धाकटी झोळीत झोपली असताना, मध्ये तीनदा उठून हा अर्ज लिहिला आहे. अक्षर सांभाळून घ्यावे.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारी,
लिडिया दानियल गावित
(रविनाची आई. पदवी : नाही)
दि. ९ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. नोटिशीची प्रत
२. रविनाच्या लाल कार्डाची झेरॉक्स
३. दोनशे चौदा फोन नंबर
४. बाटलीचे झाकण, एक नग (बाटली शाळेत जमा आहे. झाकण मुलीने मुठीत लपवून घरी आणले. काम झाल्यावर परत मिळावे.)