दोन छोट्या, एक लांब

सोमवार, ३ तारीख
आजपासून रोज लिहायचं. कंट्रोल रूममधले साहेब लोक लिहितात, विमान येवो न येवो. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढं पुरे. अक्षर घाणेरडं आहे, पण वाचणार कोण? मीच.

कंट्रोल रूम म्हणजे जमिनीखालची खोली. वर मैदानात मिसाईलच्या गाड्या तोंड वर करून उभ्या. खाली पडदे, फोन, खुर्च्या. आकाशातून काय येतंय ते इथे दिसतं आणि काय पाडायचं ते इथूनच ठरतं. फरशी, कचरा आणि चहा माझ्याकडे. पडदे झाकल्याशिवाय मला आत घेत नाहीत. यावरून माझं वजन कळतं.

घरी मात्र सावळागोंधळ. धाकट्या लेकीने गेल्या वर्षी मला न विचारता कोर्टात लग्न केलं. वरून हुकूम नसताना डागलं. मी म्हटलं, या दारात परत येऊ नकोस. ती खरंच आली नाही. आई रागात बोलते, एवढंही कळू नये? आता पुरे. महिनाअखेर तिला घरी आणतेच. तिने यायचं, चुकलं म्हणायचं, मी थोडी रागावणार, मग जेवण.

मंगळवार, ४ तारीख
चष्मेवाल्या मॅडम पडद्यासमोर ड्यूटीला असतात. हातात कप असला की बोलतात. विचारलं, एवढी माणसं, मग गोंधळ कसा होत नाही. म्हणाल्या, बघणारे पुष्कळ, हुकूम देणारा एक. स्वतःच्या मनाने कोणी बटण दाबत नाही.

घरी येऊन चप्पल काढायच्या आत लागू केलं. धाकटीला कुणीही फोन करायचा नाही. ह्यांनी नाही, थोरल्याने नाही, सुनेने नाही. तिचं काही कळलं तर मला सांगायचं, पुढचं मी बघेन. सगळे लगेच हो म्हणाले. असं घर पाहिजे.

शनिवार, ८ तारीख
शिस्त लागली. मी खोलीत आले की सगळे बोलायचे थांबतात. हे रोज संध्याकाळी फोन घेऊन गच्चीवर जातात, खाली रेंज नाही म्हणे. मला खाली रेंज असते. ह्यांचा फोन जुना.

सून लोकर आणून विणतेय. बाहुलीच्या मापाचे मोजे. म्हटलं, माप चुकलंय, उसव. म्हणाली, नाही आई, बरोबर आहे. स्वभावाने बरी आहे, डोकं कमी.

धाकटीकडून काही नाही. माझ्यासमोर यायला घाबरत असेल.

बुधवार, १२ तारीख
आज सराव. पडद्यावर खोटी विमानं सोडतात आणि खोटीच पाडतात. मी किटली घेऊन बाहेर, दार अर्धं उघडं, सगळं ऐकलं. आपलं विमान जवळ आलं की खालून त्याला खूण विचारतात. बरोबर दिली तर आपलं. शत्रू खूण शिकेल म्हणून ती बदलत राहतात. आज बदलली तेव्हा एक विमान आधीच हवेत होतं. त्याने जुनीच दिली. आणि हुकूम होता 'मोकळा', म्हणजे जे आपलं म्हणून ओळखू येत नाही ते पाडा. पाडलं. नुसतं पडद्यावर, पण मोठे साहेब असे तापले की चहा तसाच निवला.

मी मॅडमना म्हटलं, चूक त्या पायलटची. त्या म्हणाल्या, "मावशी, तो वर होता. खूण बदलणाऱ्याने सांगायची असते."

पटलं नाही. खूण बदलायची की दारोदार सांगत फिरायचं? पण कल्पना झकास आहे.

गुरुवार, १३ तारीख
आमच्या बेलला पहिल्यापासून घरची खूण आहे. दोन छोट्या, एक लांब. मुलं शाळेत होती तेव्हा मीच लावून दिली, हात कणकेत असले तरी आपलंच कोणी आलंय हे कळावं म्हणून. आता ती साबण विकणारी बाईही शिकलीय. दुपारी डोळा लागतो न लागतो तो दोन छोट्या, एक लांब. दार उघडावं तर ही पिशवी घेऊन हसतेय.

आजपासून खूण बदलली. एक लांब, तीन छोट्या. जेवताना सगळ्यांना सांगितलं. जुनी वाजली तर दार उघडायचं नाही, आतूनच हाकलायचं. हुकूम मोकळा. ह्यांनी विचारलं, आणि कुणाला माहीत नसेल तर? म्हटलं, घरच्यांना माहीत आहे, बाकी कोण यायचंय? ते ताटात बघत राहिले. हल्ली ह्यांना पटकन काही सुचत नाही.

रविवार, १६ तारीख
घरी मी एकटी. हे आणि थोरला बाहेर गेले, सून माहेरी. सगळ्यांना एकाच वेळी कामं निघाली.

मिक्सर चालू होता. बेल. दोन छोट्या, एक लांब. मिक्सर थांबवला आणि स्वयंपाकघरातूनच ओरडले, "कोण आलंय ते कळलंय मला. तुझं इथे काही काम नाही. पुन्हा या बेलला हात लावलास तर बघ."

जरा वेळाने एकच छोटी, दबकत. म्हटलं, "जा म्हटलं ना."

गेली. जिना उतरताना ऐकलं, एकेक पायरी, थांबत थांबत. पिशवी जड असणार. मोठ्या साहेबांनी बघायला हवं होतं.

सोमवार, १७ तारीख
साबणवाली फाटकापाशी भेटली. कालचं तोंडावर मारलं तर म्हणते, रविवारी मी फिरतच नाही. खोटारडी.

संध्याकाळी सुनेने सांगितलं. सून बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. काल धाकटी येऊन गेली. सातवा महिना आहे. मी एकटी असताना तिने यायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मला चारचौघांत पडतं घ्यावं लागू नये म्हणून.

सातवा महिना. माझ्या रडारवर काही नाही आणि बाकी सगळ्यांना दिसत होतं.

ह्यांना विचारलं, गच्चीवरून रोज फोन करत होतात ना, मग तिला नवी खूण का नाही सांगितली? हे म्हणाले, "डोक्यातच आलं नाही. वाटलं, ती बेल ऐकून तू धावत जाशील."

चौकशी केली. दोष थोडा मिक्सरचा. थोडा साबणवालीचा, तिने खूण बिघडवली. जास्त ह्यांचा. माझाही शोधला. आवाज जरा मोठा आहे, एवढाच सापडला.

धाकटीला फोन लावला. उचलला नाही. रेंज नसेल.

गुरुवार, २० तारीख
फोन रोज लावतेय. मॅडमना विचारलं, खरोखर आपलंच विमान पाडलं तर पुढे काय करतात. म्हणाल्या, चौकशी होते, नियम बदलतात. म्हटलं, आणि त्या विमानाचं? त्यांनी कप खाली ठेवला. चष्मा पुसत बसल्या. एवढं शिकून उपयोग काय.

शुक्रवार, २१ तारीख
कामावरून परस्पर धाकटीकडे गेले. माफी मागायला नाही, नुसतं बघायला. सुनेचे मोजे बरोबर घेतले होते. माप बरोबर आहे.

आत टीव्ही चालू होता. बेल दाबली, दोन छोट्या, एक लांब. टीव्ही बंद झाला. पुन्हा दाबली. दाराच्या भिंगातून उजेड येत होता, तोही गेला. उभी राहिले. मग मोजे कडीला अडकवून खाली आले.

लाइट गेली असणार. लाइट नसली की बेल तरी कशी वाजणार, तिचा काय दोष. जिन्यातला दिवा चालू होता. तो वेगळ्या मीटरवर असेल.