बूड टेकलेली झिगुली

प्रिय लामारा,

इकडे आम्ही सुखरूप आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण ते तुला कळवू नकोस म्हणाली, म्हणून कळवत नाही. इटलीत तू सांभाळतेस त्या म्हातारबाईंची प्रकृती कशी आहे? त्यांना भरपूर आयुष्य लाभो असं मी दर रविवारी चर्चमध्ये मागतो. (या चौथ्या वर्षी जरा हळू आवाजात मागतो.)

आपल्या झिगुली गाडीनं मागून बूड टेकलं. नाक वर, संध्याकाळी दिवे लावले की उजेड रस्ता सोडून अक्रोडाच्या शेंड्यावर. ("बोंदो, चांदण्या मोजायला निघालास का?" असं पाववाली रोज विचारायची.) द्राक्षतोड जवळ आली, आणि कुतैसी शहरातला मेकॅनिक म्हणाला महिन्याभरानं ये. म्हटलं, घरीच करू. शेजारचा ट्रिस्टान न बोलावता आला. तो जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करत होता, त्यामुळे त्याला आपली गाडीही आजारी ट्रॅक्टरच वाटते.

त्यानं आधी डिकी रिकामी करायला लावली. कुंपणासाठी आणलेलं आणि दगड झालेलं दोन पोती सिमेंट निघालं, जुनी बॅटरी निघाली, आणि तुझी तपकिरी बॅग निघाली, विमानतळावर वजन जास्त म्हणून त्यांनी परत केलेली. "ही चार वर्षं इथेच?" ट्रिस्टाननं विचारलं. मी म्हटलं, "जॅक दे."

जॅक मातीत रुतला. खाली फळी घातली, फळी मोडली आणि गाडी दाणकन आदळली. त्या वेळी मी तिच्याखाली शिरणार होतो, पण ट्रिस्टानशी भांडण संपलं नव्हतं, म्हणून आज तुला हे पत्र मिळतंय. दुसऱ्या दिवशी ओंडके रचून स्प्रिंगा काढल्या, ट्रॅक्टरच्या टायरमधून रबराच्या जाड चकत्या कापल्या आणि स्प्रिंगांखाली बसवल्या. दोन्ही बाजू सारख्या आल्या का ते बघायला पारदर्शक नळी घेतली. नळीत पाणी दिसेना, म्हणून तांबडी वाइन भरली. डावी बाजू उंच निघाली, तिकडची चकती तासली, पुन्हा मोजलं, पुन्हा तासलं. (प्रत्येक मापाला वाइन कमी भरायची. गळती ट्रिस्टानच्या तोंडाशी होती.) चौथ्या दिवशी गाडी अशी सरळ झाली की टपावर ठेवलेला ग्लास हलेना. मग तिला डांबरी रस्त्यावर नेलं, तर ती एका अंगावर कलली.

तेव्हा आईनं खिडकीतून सांगितलं, आपलं अंगण विहिरीकडे उतरतं, पावसाचं पाणी जावं म्हणून बाबांनीच तसं केलं होतं.

"मग चार दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही रमला होतात," ती म्हणाली. "घरात किती दिवसांनी माणसांचा आवाज होता."

सगळं काम रस्त्यावर नव्यानं केलं, गुरं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. आता गाडी ठीक आहे. बॅग मी परत डिकीत ठेवली. ट्रिस्टाननं पाहिलं आणि डिकीचं झाकण स्वतःच हळूच लावलं.

तुझा,
बोंदो

ता. क. मी एकटा बसलो की गाडी अजून बोटभर माझ्याच बाजूला, स्टिअरिंगकडे, डावीकडे झुकते. ट्रिस्टान म्हणतो, त्याला चकतीचा उपाय नाही, शेजारच्या सीटवर माणूस हवं. त्यालाच बसवून पाहिलं. गाडी सरळ झाली, पण तो वाटभर बोलत होता, आणि ते सगळं ट्रॅक्टरबद्दल.

पुन्हा ता. क. द्राक्षतोड ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी धरली आहे. आदल्या दिवशी, शनिवारी, इटलीतल्या तुझ्या गावाहून दुपारचं विमान येतं. मी काही विमानतळावर मुद्दाम चौकशीला गेलो नव्हतो. गाडी सरळ चालते का ते बघत होतो, तिकडेच गेली.